अंबाडीची जात कोण ठरवतो?

सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात दोन तरुण ब्राह्मण एक वाद घेऊन बुद्धाकडे येतात. भारद्वाजाचे म्हणणे, माणूस जन्माने ब्राह्मण होतो. वासेट्ठाचे म्हणणे, शीलाने होतो. इच्छानंगलच्या रानात बुद्ध त्यांना जे उत्तर देतो, त्याची सुरुवात माणसापासून होतच नाही. तो आधी गवताची आणि झाडांची गोष्ट काढतो, मग किडामुंगीची, चौपायी जनावरांची, सापांची, माशांची, पाखरांची. या साऱ्यांच्या अंगावर जातीची खूण जन्माबरोबर आलेली असते. झाड तोंडाने काही सांगत नाही, पण खूण सांगते. माणसाच्या केसांत, कानांत, डोळ्यांत मात्र अशी खूण कुठेच सापडत नाही, त्यामुळे माणसांमधले भेद निव्वळ नावाचे, व्यवहाराने ठरवलेले. धर्मानंद कोसंबींनी हा ग्रंथ मराठीत आणला. युक्तिवादाचा दुसरा भाग सर्वांनाच भावतो. पहिला भाग सहसा कोणी तपासत नाही. वनस्पतींत जात ही अंगभूत आणि ठाम गोष्ट असते, ही कबुली बुद्धाने भारद्वाजाला जरा सढळ हाताने दिली असे मला वाटते. माणसाने पेरलेल्या वनस्पतींबाबत तरी ती टिकत नाही. आणि ती मागे घेतली तर वासेट्ठाची बाजू लंगडी पडण्याऐवजी अधिक भक्कम होते. हे तपासायला अंबाडीसारखे सोयीचे पीक दुसरे नाही.

मराठीत अंबाडी या एका नावाखाली दोन वनस्पती नांदतात. एकीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, दुसरीचे हिबिस्कस सब्डारिफा. दोन्ही जास्वंदीच्या गोतातल्या, दोन्हींचा पाला आंबट, दोन्हींच्या सालीतून वाख निघतो. शेताच्या कडेने किंवा मुख्य पिकात मिसळून चार ओळी पेरायच्या, कोवळा पाला कण्या घालून भाजीला काढायचा, वाढलेली झाडे पाण्यात कुजवून दोर वळायचा. या कामांपुरते दोघींना एका नावात ठेवण्यात कोणाचे काही अडले नाही. पेशीत पाहिले तर मात्र कॅनाबिनसची गुणसूत्रे 36 आणि सब्डारिफाची बरोबर दुप्पट, 72. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेत मेंझेल आणि विल्सन यांनी या गटातल्या वनस्पतींचे आपसांत संकर करून गुणसूत्रांच्या जोड्या कशा जुळतात ते तपासले. त्यातून दिसले ते असे, की सब्डारिफाच्या पोटात दोन संच आहेत: एक कॅनाबिनसच्या संचाशी जुळणारा, दुसरा कुठल्या तरी वेगळ्याच आफ्रिकी पूर्वजाचा. म्हणजे जिला आपण एक जात म्हणतो ती दोन जातींच्या जुन्या मिलनातून जन्मली, आणि जिला आपण तिची बहीण समजतो ती तिच्या एका बाजूच्या पूर्वजाच्या घरातली निघाली. एका नावात दोघींना बांधणारा शेतकरी अगदीच चुकीचा नव्हता.

जातीच्या आत शिरले की पसारा आणखी वाढतो. 1911 साली बिहारमधल्या पुसा इथे अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने देशभरातून बी गोळा करून अंबाडीच्या प्रकारांची शिस्तशीर वर्णने छापली. (हेच अल्बर्ट हॉवर्ड पुढे इंदूर पद्धतीच्या कंपोस्ट खतामुळे जगभर ओळखले गेले; वनस्पतींच्या वर्गीकरणातले या दोघांचे काम त्या मानाने झाकलेलेच राहिले.) सब्डारिफाचे त्यांनी चार प्रकार केले आणि त्यांतल्या एकाला भागलपूरचे नाव दिले. खोड हिरवे की तांबडे, पान अखंड की पंज्यासारखे फाटलेले, अंगावर काटे किती, बोंड कोणत्या रंगाचे, या खुणांवर त्यांची विभागणी उभी होती. पुढे काही वर्षांतच फिलिपिन्समध्ये वेस्टर यांनी अल्टिसिमा हा प्रकार वेगळा काढला: उंचच उंच, जवळजवळ फांदीविना वाढणारा, वाखासाठी उत्तम, पण ज्याची बाह्यदले खाण्याच्या कामाची नाहीत. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला सुदानच्या कोर्दोफानमधली करकदे आहे, बुटकी, फांद्यांनी भरलेली, फळाभोवती गडद लाल मांसल बाह्यदले धरणारी. सेनेगलात लाल बोंडाचे पेय बिसाप म्हणून घरोघर होते आणि हिरव्या बोंडाची आंबट चटणी भात-माशांबरोबर लागते. मेक्सिकोत हीच वनस्पती हमाइका, आंध्रात गोंगुरा, आसामात टेंगा मोरा, म्यानमारमध्ये चिन बाउंग. शेवटच्या तीन ठिकाणी माणसाचे लक्ष बोंडाकडे नसून पानाकडे आहे.

आता प्रश्न असा, की यांतला कोणता भेद खरा? डोळ्यांना दिसणारा की डीएनएत सापडणारा? गेल्या काही दशकांत भारतात, मलेशियात, आफ्रिकेत अंबाडीच्या वाणांची दोन्ही प्रकारे तपासणी झाली आहे. एकीकडे उंची, फांद्या, फुलोऱ्याचे दिवस, बोंडाचे वजन आणि रंग मोजायचा. दुसरीकडे डीएनएवरच्या खुणा, ज्यांना मार्कर म्हणतात, त्या मोजायच्या. मग कोण कोणाच्या जवळचा याचे दोन वंशवृक्ष काढायचे. हे दोन वृक्ष बऱ्याचदा एकमेकांशी जुळत नाहीत. सारखे दिसणारे वाण मार्करवर दूर पडतात, वेगळे दिसणारे जवळ येतात. यात गूढ काही नाही. कॅनाबिनसचे पान अखंड की फाटके हे मुख्यतः एका जनुकाच्या फरकाने ठरते. बोंडाचा लाल रंग डेल्फिनिडिन आणि सायनिडिन या रंगद्रव्यांच्या शर्करायुक्त रूपांमुळे येतो. ते रंगद्रव्य तयार होण्याच्या साखळीत एक दुवा तुटला की बोंड हिरवे राहते, बाकी झाड होते तसेच. डोळ्याला सर्वांत ठळक वाटणारा भेद अशा वेळी डीएनएच्या हिशेबात नगण्य असतो. उलट मार्करचे बहुतेक फरक डीएनएच्या अशा जागी असतात, की झाडाच्या रंगरूपाला त्यांचा पत्ताही लागत नाही. ते वंशाचा इतिहास सांगतात, झाड काय करते ते सांगत नाहीत. जो अभ्यासक दिसण्यावरून केलेली विभागणी वरवरची आणि मार्करची विभागणी मूलभूत असे गृहीत धरतो, तो विज्ञानाच्या भाषेत एक तत्त्वज्ञान बोलत असतो; मोजणीतून ते सिद्ध झालेले नसते.

भारतीय तर्कशास्त्राने हा पेच फार जुन्या काळी ओळखला होता. शब्दाने नेमके काय कळते, व्यक्ती, आकृती की जाती, असा प्रश्न न्यायसूत्रांत येतो आणि सूत्रकार गौतम तिन्ही मान्य करतात. पतंजलीच्या महाभाष्यात हाच वाद व्याडी आणि वाजप्यायन यांच्या नावांवर आहे. एक द्रव्याच्या बाजूचा, दुसरा आकृतीच्या. पुढच्या नैयायिकांनी जातीला (तिलाच ते सामान्यही म्हणतात) नित्य, एक आणि अनेकांत समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहणारी वस्तू ठरवले. पण दिसेल त्या सारखेपणाला जात म्हणत सुटलो तर अनवस्था होईल, हेही त्यांना कळत होते. म्हणून मिथिलेच्या उदयनाचार्यांनी जातीच्या आड येणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या. त्यांतली एक म्हणजे संकर. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र राहतात, काही ठिकाणी पहिला एकटाच, काही ठिकाणी दुसरा एकटाच, असे असेल तर ते दोन्ही जाती होऊ शकत नाहीत. त्यांना फार तर उपाधी, म्हणजे बाहेरून लावलेली ओळख, म्हणता येईल. कारण जातींची मांडणी एकीच्या पोटात दुसरी अशी हवी, एकमेकींना आडव्या छेदणारी नको. उदयनांनी ही अट भूतत्व आणि मूर्तत्व यांच्यासारख्या धर्मांसाठी वापरली. अंबाडीचा वाफा त्यांच्यासमोर नसणार. पण अट जशीच्या तशी लागू पडते. तांबड्या खोडाची आणि तांबड्या बोंडाची झाडे आहेत, तांबड्या खोडाची आणि फिकट बोंडाची आहेत, हिरव्या खोडाचीही आहेत. काटेरीपणा यांतल्या प्रत्येकाला आडवा जातो, पानाचा आकारही. हॉवर्ड दांपत्याची यादी उदयनांच्या चाळणीतून काढली तर तिच्यात जात म्हणून उरेल असे काहीच हाती लागत नाही. सगळ्या उपाध्या.

नैयायिक यावर म्हणेल: अगदी बरोबर, वाण ही उपाधीच, खरी जात म्हणजे अंबाडीत्व. पण हे अंबाडीत्व तरी कुठे ठेवायचे? मराठी नावाच्या पातळीवर ठेवले तर 36 आणि 72 गुणसूत्रांच्या दोन वेगळ्या वनस्पती एका जातीत येतात. सब्डारिफाच्या पातळीवर ठेवले तर जी जात कधी काळी दोन पूर्वजांच्या संयोगातून झाली तिला नित्य म्हणावे लागते. यावरही नैयायिकाकडे उत्तर आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही: जात नित्यच असते, व्यक्ती जन्मल्यावर ती फक्त प्रकट होते, प्रलयात गायी नसल्या तरी गोत्व असतेच. हे उत्तर सुसंगत आहे, पण त्याची किंमत भारी आहे. मलेशियात अरब नावाच्या वाणाच्या बियांवर गॅमा किरणांचा मारा करून नवे वाण काढले गेले. त्यांचे सामान्यही मग सृष्टीच्या आरंभापासून प्रयोगशाळेच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते असे मानावे लागेल, आणि जे वाण कोणी कधी काढणारच नाही त्यांचीही असंख्य सामान्ये तशीच ताटकळत आहेत असे. उदयनांसारख्या काटकसरी विचारवंताला हा पसारा आवडला नसता.

जात सापडत नाही म्हटल्यावर दुसऱ्या बाजूचा उतावीळ माणूस पुढे येतो. तो म्हणतो, पाहा, भेद नुसता दिसण्यापुरता. आत सगळे एकच. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला वडाचे फळ फोडायला लावतो, मग त्यातले बी फोडायला लावतो, आणि आत काही दिसत नाही म्हटल्यावर त्या न दिसणाऱ्या अणिम्यातूनच हा वड उभा आहे असे सांगतो. हा न दिसणारा अंश म्हणजे डीएनए, आणि तो सगळ्यांचा जवळजवळ सारखा, म्हणून अद्वैत विज्ञानाने सिद्ध झाले, असे आजकाल व्याख्यानांतून सर्रास ऐकू येते. अद्वैताचा जाणकार असे बोलणार नाही. शंकराचार्यांचा अभेद कुठल्याही मोजणीचे फलित नाही. शेकडा इतके साम्य म्हणणे म्हणजे उरलेल्या भेदाची कबुली देणेच होय, आणि ज्या ब्रह्माचे टक्के काढता येतात ते ब्रह्म वेदान्त्याच्या कामाचे नाही. शिवाय व्यवहारात भेद खरा आहे हे तो नाकारत नाही. माझा आक्षेप त्याच्यावर नसून त्याच्या नावाने दिल्या जाणाऱ्या सोप्या युक्तिवादावर आहे. त्या युक्तिवादात एक गृहीतक लपलेले असते: जे जास्त प्रमाणात समान ते अधिक खरे. पण प्रमाणाचा आणि खरेपणाचा संबंध कोणी जोडून दिला? हिरव्या बोंडाच्या आणि लाल बोंडाच्या अंबाडीत डीएनएचा फरक अत्यल्प असेल. हिरव्या बोंडाचे लाल सरबत तरीही होणार नाही.

इथे बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्तींची कसोटी उपयोगी पडते. त्यांच्या मते जे काही काम करते, ज्याच्यामुळे परिणाम घडतो, ते खरे. सामान्य काही करत नाही, म्हणून ते कल्पित. मग वेगवेगळ्या वस्तूंना आपण एका नावाने का हाकारतो? प्रमाणवार्तिकात त्यांनी यासाठी औषधी वनस्पतींचाच दाखला दिला आहे. गुळवेलीसारख्या ज्वरनाशक वनस्पती एकमेकींपासून पूर्ण भिन्न असतात, त्यांच्यात ज्वरनाशकत्व नावाची एखादी वस्तू वाटून राहिलेली नसते, तरीही त्या ताप उतरवण्याचे एकच काम करतात आणि इतर वनस्पती करत नाहीत. जे ते काम करत नाहीत त्यांच्यापासूनचे वेगळेपण, एवढाच त्यांचा गट. या दृष्टीने पाहिले तर अंबाडीच्या वाणांचे भेद ना जातिमूलक आहेत ना भ्रामक. उंच वाण गाठीविना लांब वाख देतो, हे काम आहे. बुटका वाण बोंड देतो, हे दुसरे काम. भेद मानण्यासाठी आत दडलेले सार लागत नाही. सार नाही म्हणून भेद खोटा, या निष्कर्षावर सारवादी आणि अभेदवादी दोघेही एकाच वाटेने पोचतात. फरक एवढाच की पहिला त्या निष्कर्षाला घाबरून सार शोधत राहतो, दुसरा त्यावर खूश असतो.

तरी धर्मकीर्तींपाशी थांबता येत नाही, आणि इथेच पिकाची वनस्पती रानातल्या वनस्पतीहून वेगळी पडते. त्यांच्या मांडणीत गट पाडणारे मन वस्तूंच्या बाहेर असते. वैद्याला ताप उतरवायचा आहे म्हणून तो काही वनस्पती एकत्र मोजतो. त्या मोजण्याने गुळवेलीचे काही बदलत नाही. अंबाडीचे मात्र बदलले आहे. वाख हवा असलेल्या माणसाने दाट पेरणी केली, सरळसोट झाडांचे बी राखले, फांद्या फुटलेल्यांचे राखले नाही. पिढ्यांमागून पिढ्या असे केल्यावर अल्टिसिमाचे सरळ खोड उभे राहिले. बोंड हवे असलेल्याने उलटी निवड केली. दोघांचे प्रयोजन आधी मनात होते, नंतर ते झाडाच्या अंगावर आले. अंबाडीची फुलरचनाही याला साथ देते: फूल उमलते त्या सुमारास त्याचाच पराग त्याच्या कुक्षीवर पडलेला असतो, सब्डारिफात परपरागण नावापुरतेच होते, त्यामुळे एकदा निवडलेला गुण पुढच्या पिढीत विस्कटत नाही. 1903 साली कोपनहेगनच्या योहानसेन यांनी स्वपरागित घेवड्यावर दाखवून दिले होते, की अशा शुद्ध वंशाच्या आत मोठे-लहान दाणे कितीही निवडत राहिले तरी वंश बदलत नाही. निवड करायची ती वेगवेगळ्या वंशांमधून. म्हणजे वाणाचे स्थैर्य फुलाने दिले, पण कोणता वंश टिकायचा हे हाताने ठरवले. बुद्धाने खूण आणि संज्ञा यांच्यामध्ये जी रेष ओढली, एका बाजूला झाडांची जन्मजात खूण आणि दुसऱ्या बाजूला माणसांचा नामव्यवहार, ती रेष पिकाच्या शेतात पुसली जाते. इथे व्यवहाराचीच खूण झाली आहे.

आणि हा व्यवहार केवळ शेतकऱ्याच्या आवडीनिवडीचा नसतो. 1947 च्या फाळणीत तागाच्या गिरण्या हुगळीच्या काठी राहिल्या आणि ताग पिकवणारी उत्तम जमीन मोठ्या प्रमाणावर पूर्व पाकिस्तानात गेली. गिरण्यांना वाख हवा होता. भारतात मेस्ता या नावाने अंबाडीची लागवड वाढवण्यात आली, आणि आंध्रातल्या अमदालवलसा इथल्या केंद्रासारख्या ठिकाणी वाखाचे सुधारित वाण तयार झाले. ज्या वाणांच्या आज तांत्रिक वर्णनांत खोडाचा रंग आणि उंची बारकाईने नोंदलेली असते, त्यांच्या अस्तित्वामागे नकाशावर मारलेली एक रेघ आहे. या खुणा जन्मजात आहेत का? प्रत्येक रोपट्यापुरत्या, होय. वाणापुरत्या, नाही. त्याच वासेट्ठ सुत्तात बुद्ध पुढे म्हणतो की शेतकरी कर्माने शेतकरी होतो, कारागीर कर्माने कारागीर. शेतकऱ्याबद्दल जे खरे ते त्याच्या पिकाबद्दलही खरे निघावे, हे सुत्ताने म्हटलेले नाही, पण सुत्ताच्या दिशेनेच ते जाते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. व्यवहारातून झाडांवर खुणा उमटू शकतात असे मान्य केले, तर माणसांच्या जातींबाबतही तेच होऊ शकते असे कोणी म्हणेल: शेकडो वर्षे जातीतल्या जातीत लग्ने झाली, मग माणसांचेही वाण तयार झाले नसतील कशावरून? बुद्धाची जुनी रेष होती तीच बरी नव्हती का? ही भीती पोकळ नाही. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या आणि हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2013 साली दाखवले, की भारतातल्या जुन्या लोकसमूहांची सरमिसळ सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात सर्वत्र चालू होती आणि त्यानंतर जातीअंतर्गत विवाहाने ती आटली. त्या बंदिस्तपणाचे माग डीएनएत आहेत. पण माग कसले? मार्करचे; वंशाचा इतिहास सांगणारे. अंबाडीचा वाण घडायला दोन गोष्टी लागल्या: स्वतःपुरते मिटलेले फूल, आणि दर पिढीला नको ते उपटून टाकणारा, एकाच गुणावर नजर ठेवणारा हात. माणसात पहिली गोष्ट नाही. दुसरीही नाही, कारण कोणत्याही जातीत विद्येला कच्ची मुले बाद करून पक्क्यांपासूनच प्रजा वाढवली गेलेली नाही. लग्नाला जो आडकाठी घालतो तो काही गुणाची निवड करत नाही. म्हणून धर्मकीर्तींच्या कसोटीवर, म्हणजे काम काय होते या कसोटीवर, जातींच्या त्या मागांतून पंडितपणा किंवा शौर्य निघत नाही. माग दाखवून गुणाचा दावा करणारा माणूस मार्करच्या वृक्षावरून बोंडाचा रंग सांगू पाहतो.

आणखी एक गोष्ट या आक्षेपातून उघडी पडते. आंबेडकरांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ सजातीय विवाहात दाखवले आणि तो विवाह टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या रूढी कशा लागल्या ते उलगडले. जात आपोआप टिकत नाही. ती टिकवावी लागते, आणि टिकवण्याचा भार बायकांच्या देहावर पडला. जात ही अंगभूत वस्तू असती तर एवढा बंदोबस्त कशाला लागला असता? झाडांच्या बाबतीतही जात अंगभूत नसून राखलेली आहे असे एकदा मान्य केले, की भारद्वाजाला माणसांसाठी उसना दाखला घ्यायला जागाच उरत नाही. सुत्तातल्या युक्तिवादाला झाडे आणि माणसे यांच्यातल्या विरोधावर उभे राहावे लागते. त्यामुळे माणसाच्या अंगावर उद्या एखादी बारीक खूण सापडली तर तो डळमळेल. माझ्या म्हणण्याप्रमाणे खूण सापडली तरी प्रश्न संपत नाही: ती कोणी, कशासाठी, कोणाच्या बळावर राखली, हे विचारणे उरतेच. उच्चनीचतेचा तर संबंधच येत नाही. वाखाची अंबाडी स्वयंपाकघरात निरुपयोगी आणि करकदे दोरखंडाला कुचकामी. दोघींना एका उतरंडीवर बसवण्यासाठी दोघींच्या बाहेरचा कोणी तरी मालक लागतो.

हा विचार कायद्यालाही लागू करून पाहण्यासारखा आहे. वनस्पती वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांसाठीचा 2001 चा कायदा नव्या वाणाकडून नवता, वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थैर्य मागतो. प्रत्येक झाड दुसऱ्यासारखे हवे आणि पिढ्या उलटल्या तरी वाण तसाच हवा. नकळत हा कायदा नैयायिक झाला आहे. पण त्याच कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणाची व्याख्या येते ती अशी, की शेतकऱ्यांनी आपल्या शेतात परंपरेने लावलेला आणि विकसित केलेला, किंवा ज्या वाणाबद्दल शेतकऱ्यांना सामाईक ज्ञान आहे त्याचा रानटी नातलग किंवा स्थानिक वाण. आणि त्याला नवतेची अट नाही. इथे वाण म्हणजे लागवड आणि ज्ञान, म्हणजे कर्म. एका कायद्याच्या पोटात दोन दर्शने राहतात. विसंगतीबद्दल कायदा करणाऱ्यांना दोष देण्यापेक्षा मी म्हणेन की दुसरी व्याख्या वस्तुस्थितीला जास्त धरून आहे आणि पहिली ही मालकी ठरवण्यापुरती केलेली सोय आहे. स्वपरागित अंबाडीत ती सोय सहज जमते, म्हणून ती निसर्गाचा नियम असल्यासारखी वाटते.

शेवटचा आक्षेप बीजपेढीचा. वाण जर कर्म असेल, तर दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संसाधन ब्युरोत उणे 18 अंशांना ठेवलेल्या पुडीत काय आहे? तिथे ना पेरणी, ना निवड, ना भाजी. तरी वाण आहेच की. मला वाटते तिथे बी आहे, आणि बी ही मोठी गोष्ट आहे, पण वाण तिथे स्थगित आहे. बियाची उगवणशक्ती थंडीतही हळूहळू घटते. ठरावीक पातळीखाली गेली की ते पुन्हा मातीत घालून ताजे बी घ्यावे लागते. त्या वाफ्यात कुठे एखादे झाड लवकर फुलावर येते, कुठे बोंडाचा रंग फिका पडतो, कुठे शेजारच्या वाफ्यातला पराग शिरल्याची शंका येते. बीजोत्पादनातले लोक याला भेसळ काढणे म्हणतात: वाणाबाहेरचे झाड फुलण्याआधी उपटायचे. कोणते झाड वाणाबाहेरचे, याचे उत्तर त्या झाडात नसते. डीएनएची तपासणी करून ते किती वेगळे आहे हे कळेल; किती वेगळे म्हणजे बाहेरचे, हे कळणार नाही. नोंदवहीत लिहिलेले वर्णन थोडी मदत करते, पण ते वर्णनही पूर्वी कोणी तरी, काही तरी हवे म्हणून लिहिले होते. फिक्या बोंडाचे झाड उपटायचे की त्याचे बी वेगळ्या पुडीत बांधायचे, हे त्या वाफ्यात वाकलेल्या माणसाला दर वेळी नव्याने ठरवावे लागते.